फळ्यावरचा बैल

दुसऱ्याच्या लेकराला शिकवायचा हक्क माणसाला कुठनं मिळतो, हा प्रश्न गेलं वर्षभर माझ्या डोक्यात आहे. सरकारी उत्तर सोपं आहे. डी.एड. करा, बी.एड. करा, परीक्षा द्या, कागद घ्या. पण कागद मिळाला म्हणून आईबाप आपलं पोरगं मनापासून तुमच्या हवाली करतातच असं नाही. आणि पोरगं तर कागद बघतच नाही. ते एवढंच बघतं, हा माणूस आपला का परका.

आमच्या धंद्यात याच्या जवळ जाणारी एक गोष्ट आहे. दुसऱ्याचं रान वाट्यानं करायला घेतलं की शहाणा माणूस आधी औत घालत नाही. मालकाबरोबर रानाला एक फेरी मारतो. पाणी कुठनं येतं, कुठं साचतं, बांधाची खूण कुठली, कोपऱ्यातला शेंदूर लावलेला दगड कुणाचा, हे विचारून घेतो. त्या दगडाला वळसा घालून औत न्यायचं असतं. तो तुमचा देव नसंल, तुम्ही हात जोडा नाहीतर जोडू नका, पण वळसा घालायचा. उलट तोच मालक म्हणाला, माझ्याकडचं किडकं बी पेर, तर तिथं मान हलवायची नाही. तिथं मालकी चालत नाही, रानाचं हित चालतं. दगडाला वळसा आणि किडक्या बियाला नकार, ही दोन्ही कामं एकाच माणसाला करावी लागतात. शिकवणाऱ्याचंही तसंच असावं असं मला वाटतं. अडचण एवढीच की दगड कुठला आणि बी कुठलं, हे दर वेळी लांबून ओळखू येत नाही.

माझा पुतण्या तालुक्याला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होता. आता त्या कोर्सचं नाव डी.एल.एड. झालंय, पण गावात डी.एड.च म्हणतात. तालुक्याच्या शिवंला एक मदरसा आहे. तिथंच राहणारी चाळीसेक पोरं. काही आमच्या आसपासच्या खेड्यांतली, काही पार बिहारकडची. आमच्या घरचं दूध रोज तिथं जातं. तिथले मौलाना शेजारच्या गावचेच. बाप बागवान, केळीचा धंदा करायचा. मराठी आमच्यासारखीच बोलतात. एक दिवस दूध मापून घेता घेता म्हणाले, "तात्या, पोरांना कुराण पाठ हुतंय, पर यस्टीची पाटी वाचता येत न्हाई. बँकेत पैसे भरायची चिठ्ठी दुसऱ्याकडनं लिहून घ्यावी लागती. तुमच्या घरात मास्तर तयार हुतोय म्हणं. आठवड्यातनं दोन-तीन दिवस यील का? मराठी आन् गणित."

घरात सांगितलं तर वहिनी गप्प झाली. मग म्हणाली, "आपलं पोरगं एकलंच जाणार तिथं. पाणी तरी इचारतील का?" पारावर दुसराच सूर होता. "तिथं आत काय शिकवत्यात कुणाला ठावं." असं म्हणणाऱ्यांतला एकही जण कधी त्या फाटकाच्या आत गेलेला नव्हता. आमचं दूध मात्र बारा महिने जात होतं.

आत काय शिकवतात, ते वाचकांसाठी आधी सांगतो, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात उर्दू शाळा आणि मदरसा यांचा गोंधळ आहे. उर्दू शाळा ही आपल्या मराठी शाळेसारखीच शाळा. जिल्हा परिषदेची असंल, नगरपालिकेची असंल, नाहीतर एखाद्या संस्थेची. तिथं बालभारतीची पुस्तकं उर्दूत असतात. भूगोल तोच, गणित तेच. मदरसा म्हणजे धर्माचं शिक्षण देणारी जागा. या मदरशात मुख्य काम हिफ्जचं, म्हणजे कुराण तोंडपाठ करण्याचं. कुराणाचे ३० पारे, ११४ सुरा. रोजचा नवा धडा म्हणजे सबक. मागच्या थोड्या दिवसांतलं पुन्हा म्हणून दाखवायचं ती सबकी. आणि आधी पाठ झालेलं फिरवत राहायचं ती मंजिल. नवं रान नांगरताना जुन्यात तण माजू नये म्हणून जशी कोळपणी चालू ठेवतात, तसं हे. कुणाला तीन वर्षं लागतात, कुणाला पाच. पुरं झालं की पोरगं हाफिज होतं.

मुसलमानांची सगळी पोरं मदरशातच जातात, असाही एक समज आहे. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला, त्यात शाळेत जायच्या वयातल्या मुसलमान मुलांपैकी शंभरातली तीन-चारच मदरशात जातात असं निघालं. बाकीची आपल्या तुपल्या पोरांसारखी शाळेतच जातात. पण ही तीन-चारसुद्धा लेकरंच आहेत. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. २०१२ साली त्यात दुरुस्ती होऊन मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्यातनं वगळल्या. म्हणजे वेद पाठ करणारं बटू आणि कुराण पाठ करणारं पोरगं, दोघंही त्या कायद्याच्या बांधाबाहेर एकाच जागी उभी आहेत.

पुतण्या गेला. असर आणि मगरीब या दोन नमाजांच्या मधला तास ठरला. पहिल्या दिवशी काय घडलं ते मला दोघांकडनं कळलं. रात्री गोठ्यात पुतण्यानं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेताना मौलानांनी. दोघांचं सांगणं सारखंच निघालं, म्हणून ते लिहितो.

कॉलेजात शिकवलं तसं त्यानं पाठ टाचण काढून नेलं होतं. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. दारात चप्पल काढली, आत गेला. सतरंजीवर पोरं बसलेली. समोर रिहल म्हणजे किताब ठेवायच्या लाकडी घड्या, त्या बाजूला सारून ठेवलेल्या. पोरं उठली आणि एका सुरात सलाम केला. याला उलट काय म्हणायचं ते सुचेना. त्यानं हात जोडले. एक बारकं पोरगं हसलं आणि त्यानंही हात जोडले. बाकीच्यांनी दाराकडं बघितलं. तिथं मौलाना उभे होते. ते काही बोलले नाहीत.

मग हा म्हणाला, "वही काढा." गावाकडच्या पोरांनी वह्या काढल्या, बिहारची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यातल्या एकानं सांगितलं, आमच्यात वही म्हणजे अल्लाकडनं पैगंबरांना आलेला संदेश. ती कशी काढणार? हा आधी गोंधळला, मग त्यानं कोऱ्या पानांची वही वर धरून दाखवली. पोरं खळखळून हसली. टाचणात अशा प्रस्तावनेला जागा नव्हती, पण प्रस्तावना झाली.

त्यानं फळ्यावर 'ब' काढला आणि शेजारी बैल काढायला घेतला. पोराचा हात चांगला आहे. शिंगं, वशिंड, पोळी, शेपूट, सगळं झटक्यात उतरलं. शेवटी डोळा काढला आणि वर्गाचा आवाज बंद झाला. बिहारचंच एक दहा-अकरा वर्षांचं पोरगं हळूच म्हणालं, "सर, ये तो जानदार है." याला कळेना. त्या पोरानं समजावून सांगितलं, की ज्याच्यात जीव आहे त्याचं चित्र आम्ही काढत नाही. जीव घालणारा वर आहे, माणसानं त्याची नक्कल करू नये.

सगळ्या मुसलमानांत हे असंच पाळतात असं नाही. उर्दू शाळेच्या पुस्तकात गाय आहे, मोर आहे, माणसंही आहेत. पण बऱ्याच मदरशांत पाळतात, तसं इथंही पाळत होते. मौलाना दारातच होते आणि तरी बोलले नाहीत.

पुतण्या सांगत होता, "तात्या, हातात डस्टर हुतं. पुसला तर पहिल्याच दिवशी मान खाली घातली असं हुतंय. नाही पुसला तर पोरगं समोर बसून एवढं चांगलं बोललं, त्याच्या तोंडावर मारल्यागत हुतंय. काय करावं?" त्यानं बैल पुसला. 'ब' ठेवला. म्हणाला, "बरं, चित्र नको. मग मला बैल सांगा."

पोरं सांगायला लागली. शिंग, खूर, कान, नाक, शेपूट. बिहारचं पोरगं सींग म्हणालं, दुम म्हणालं. यानं मराठी शब्द फळ्यावर लिहिले. निम्मे शब्द दोन्हीकडं तेच किंवा थोडक्यात चुकलेले. मग हा म्हणाला, "नांगराला तर जीव नाही ना?" पोरं नाही म्हणाली. त्यानं नांगर काढला, जू काढलं. तेवढ्यात तेच पोरगं म्हणालं, नांगर तर काढला, पण बैलाशिवाय चालणार कसा? यानं खडू उचलला आणि जुवाच्या दोन्ही बाजूंना, जिथं बैल जुंपतात तिथं, 'बैल' हा शब्द लिहिला. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. चाळीस पोरांनी तो शब्द मोठ्यानं वाचला.

हे गावात कळायला वेळ लागला नाही. पारावरचा एक जुना मित्र म्हणाला, "माघार घेतली पोरानं. आज बैल पुसला, उद्या आणखी काय पुसायला लावतील." दुसरा म्हणाला, "आधार कार्डावर ह्यांना फोटू चालतोय, मग बैलच का न्हाई?" दोन्ही प्रश्न हसून सोडण्यासारखे नाहीत, म्हणून त्यांचा नीट विचार केला.

दुसरा प्रश्न आधी घेतो. फोटो चालतो आणि बैल चालत नाही, ही विसंगती आहे, कबूल. पण विसंगती कुणाच्या घरात नाही? आमच्याकडं अमावस्येला औत धरत नाहीत, ट्रॅक्टर मात्र दिवसभर चालतो. बेंदराला बैलाच्या पाया पडतात, पुरणपोळी घालतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच बैलाला चाबूक बसतो. पिढ्यान्पिढ्या पाळत आलेल्या गोष्टी नव्या गरजेपुढं थोड्या वाकतात, थोड्या ताठ राहतात, आणि जिथं वाकल्या तिथं बाहेरच्याला विसंगती दिसते. ती दाखवून समोरच्याला गप्प करता येतं. त्यानं त्याचं पोरगं काही शिकत नाही.

पहिला प्रश्न खरा जड आहे. मान देणं आणि माघार घेणं यातला फरक कसा ओळखायचा? दोन्हींत हात तेच करतो, फळा पुसतो.

इथं मला माझे चौथीचे गुरुजी आठवतात. ते मुसलमान होते. आमच्या शाळेत दसऱ्याला पाटीपूजन असायचं. पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची, हळद-कुंकू व्हायचं, फूल ठेवायचं. गुरुजी हळद-कुंकवाला हात लावत नसत. हातही जोडत नसत. पण त्या दिवशी ते रजाही टाकत नसत. रांगेतनं फिरायचे आणि ज्याचा एक वाकडा आला त्याची पाटी घेऊन तो सरळ करून द्यायचे. "एक ताठ पाहिजे," म्हणायचे. पूजा झाली की गूळ-खोबरं सगळ्यांना तेच वाटायचे. त्या वयात आम्हाला त्यात काहीच वेगळं दिसलं नाही. आता वाटतं, त्या माणसानं केवढा विचार केलेला होता. जे आमच्या घरचं होतं त्याला त्यांनी वळसा घातला. जे त्यांच्या घरचं होतं ते सोडलं नाही. आणि जे पोराच्या कामाचं होतं, म्हणजे एकाचा आकडा, तिथं एक रेघभरही ढिलाई केली नाही. आमच्यातल्या एकाही बापानं तेव्हा म्हटलं नाही, की गुरुजी आमच्या देवीला हात का जोडत नाहीत.

यावरनं मला जे समजलं ते असं. पुसताना कोणाचं काय जातं ते बघावं. शिकवणाऱ्याचा तोरा जात असंल तर खुशाल पुसावं. पोराचं शिकणं जात असंल तर पुसू नये, मग समोर कुणीही उभं असो. बैल पुसल्यानं त्या पोरांचं काही गेलं नाही. 'ब' फळ्यावर राहिला, बैल हा शब्द राहिला, वर तीस शब्द जास्त मिळाले. गेलं ते पुतण्याचं चित्र. त्याला वाईट वाटलं, कारण ते छान जमलं होतं. पण तो तिथं चित्र दाखवायला गेला नव्हता.

उद्या कुणी म्हणालं, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे शिकवू नका, तर तिथं पुसायचं नाही. कुणी म्हणालं, मुलींना गणित कशाला, तर तिथं पुसायचं नाही. कुणी म्हणालं, पोराला मारल्याशिवाय पाठ होत नाही, तर तिथं उठून उभं राहायचं. हे मी मदरशाबद्दल म्हणतो तसंच आपल्या शाळांबद्दलही म्हणतो, कारण या तिन्ही गोष्टी म्हणणारी माणसं सगळ्या धर्मांत आहेत आणि आमच्या पारावरही आहेत. आपल्या घटनेच्या २८ व्या कलमात सांगितलंय, की सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही त्याच्या, आणि तो लहान असंल तर त्याच्या पालकाच्या, संमतीशिवाय धर्माच्या शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. आपल्या गावच्या शाळेत वेगळ्या धर्माचं एखादं पोरगं असतं, त्याला काही वळसा घालायचा असंल तर आपण तेवढी वाट ठेवतो का, हे त्या शाळेत रोज बघण्यासारखं आहे. माप एकच असावं. दुसऱ्याच्या घरी वापरायचं एक आणि आपल्या घरी वापरायचं दुसरं, असं माप ठेवणारा व्यापारी आपण गावातनं हाकलून लावतो.

माझ्या या मापालाही एक भोक आहे, ते मला माहीत आहे. पोराचं नुकसान कशात आहे हे ठरवणार कोण? मौलाना म्हणतील, कुराण सुटलं तर नुकसान. सरकार म्हणेल, गणित सुटलं तर नुकसान. २०१५ साली राज्य सरकारनं ठरवलं होतं, की ज्या मदरशांत गणित-विज्ञानासारखे विषय शिकवत नाहीत तिथली मुलं शाळाबाह्य धरायची. बराच गदारोळ झाला. त्याच्या आधी २०१३ मध्ये राज्यानं डॉ. झाकीर हुसेन यांच्या नावानं मदरसा आधुनिकीकरण योजना काढली होती. मदरशानं मागणी केली तर हे विषय शिकवायला डी.एड., बी.एड. झालेल्या शिक्षकांचं मानधन सरकार देतं. २०२४ मध्ये ते मानधन डी.एड.ला ६ हजारांचं १६ हजार आणि बी.एड.ला ८ हजारांचं १८ हजार झालं. एकाच राज्याचे हे दोन रस्ते. एक म्हणतो, तुमची पोरं आमच्या मोजणीत नाहीत. दुसरा म्हणतो, मास्तर पाठवतो, घ्या. मला दुसरा बरा वाटतो. पोराला शाळाबाह्य म्हटल्यानं त्याला पाढा येत नाही.

त्या योजनेला ज्यांचं नाव आहे ते झाकीर हुसेन पुढं राष्ट्रपती झाले, पण मुळात ते शिक्षक. १९३७ साली आपल्या वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, त्यानंतर नई तालीमची आखणी करायला समिती नेमली, तिचे ते अध्यक्ष होते. हाताच्या कामातनं, भोवतालच्या वस्तूतनं पोरगं शिकलं पाहिजे, हा त्या विचाराचा गाभा. चित्रातला बैल पुसून खरा बैल, नांगर, जू यांच्यावर धडा उभा करणाऱ्या माझ्या पुतण्याला हे त्या दिवशी सुचलं नसेल. तो फक्त अडचणीतनं वाट काढत होता.

कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग काढलं आणि त्याच्या संस्थेचं अध्यक्षपद स्वतःकडं घेतलं. मराठ्यांचं, जैनांचं, लिंगायतांचं, अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या मुलांचं, अशी ज्याची त्याची बोर्डिंगं त्यांनी उभी केली. पुढं भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांची पोरं एका छपराखाली, एका पंगतीला बसवली. वरवर बघितलं तर हे दोन उलटे रस्ते. एकानं प्रत्येकाला त्याचं घर बांधून दिलं, दुसऱ्यानं सगळ्यांचं एक घर केलं. पण मला वाटतं, पहिलं झालं म्हणून दुसरं सोपं गेलं. ज्याला स्वतःच्या घरात मानानं शिकायला मिळतं, तो शेजारच्या घरात जायला भीत नाही. म्हणून मदरसा बंद करा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, आणि मदरशात बाहेरचं कुणी नको म्हणणाऱ्यांचंही पटत नाही. फाटक दोन्ही बाजूंनी उघडतं, तसं उघडं राहावं.

त्या दिवशी तुम्ही दारात उभं राहून बोलला का नाही, असं मी मौलानांना विचारलं. ते म्हणाले, "मी बोललो असतो तर त्यो हुकूम झाला असता. पोरगं बोललं म्हणून ती गोष्ट झाली." मी विचारलं, "आणि त्यानं पुसला नसता तर?" म्हणाले, "तर पोरांना सांगितलं असतं, सर नवीन हैत, त्यांच्यात चालतं. आन् दुसऱ्या दिवशी सरांना चहा पाजून बोललो असतो." एका फळ्याशी दोघंही दुसऱ्यासाठी जागा ठेवून उभे होते, आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं.

गणिताच्या तासाला आणखी एक मजा झाली. पोरं उर्दू उजवीकडनं डावीकडं लिहितात. पुतण्याला वाटलं, आता बेरीज शिकवताना घोळ होणार. पण उर्दूतही आकडा आपल्यासारखाच लिहितात, शतक डावीकडं, एकक उजवीकडं. अक्षरं उलटी चालतात आणि आकडे सरळ. याचं कारण त्यानं शोधून काढून पोरांना सांगितलं. शून्यासकट दहा चिन्हांनी कितीही मोठा आकडा लिहायची ही रीत इथनं, हिंदुस्थानातनं अरबांकडं गेली. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीनं त्यावर पुस्तक लिहिलं. अरबीत त्या आकड्यांना हिंदी अंक म्हणतात. मग तो म्हणाला, आता तुमच्याकडनं आमच्याकडं काय आलं ते बघा, आणि त्यानं फळ्यावर लिहिलं, खरीप, रब्बी, जिरायत, मशागत, हद्द, हक्क, वारस, तारीख, हिशोब. सगळे अरबीतनं आलेले शब्द. मी आयुष्यभर शेती केली आणि दर वर्षी खरिपाची मशागत केली, पण हे मला त्याच्याकडनं कळलं. मशागतीचा मूळ अर्थ कष्ट.

एका बाबतीत अजून उत्तर सापडलेलं नाही. त्यातली चार-पाच पोरं बाहेरनं दहावीच्या परीक्षेला बसायचं म्हणतायत. विज्ञानाला माणसाच्या शरीराची आकृती येते. ती काढल्याशिवाय मार्क मिळणार नाहीत, आणि त्यातलं कुणी पुढं डॉक्टर व्हायचं म्हटलं तर ती काढल्याशिवाय चालणारच नाही. तिथं शब्दाला जू लावून भागत नाही. मी पुतण्याला म्हटलं, "ही तुला पुसता यायची नाही." तो म्हणाला, "ठाऊक हाय." मौलानांना विचारलं तर ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "इलाजासाठी, शिक्षणासाठी आमच्यातले जाणते वाट काढून देत्यात. त्या वेळंला विचारू." त्यांनी नाही म्हटलेलं नाही आणि हो असंही म्हटलेलं नाही. तो दिवस येईल तेव्हा दोघांचीही परीक्षा आहे. त्या दिवशी पुतण्यानं डस्टर खाली ठेवावं असं मला वाटतं. आणि त्याचं म्हणणं त्या घरात ऐकून घेतलं गेलंच, तर त्याचं एक कारण पहिल्या दिवशी त्यानं बैल पुसला हे असंल.

दुसऱ्याच्या लेकराला शिकवायचा हक्क कुठनं येतो, याचं मला सापडलेलं उत्तर एवढंच आहे. तो एकदम आणि कायमचा मिळत नाही. रोजच्या दुधासारखा रोज मापून मिळतो, आणि मापून देणारं ते पोरगं असतं.

पुतण्याची डी.एड. झाली. आता टीईटी झाली, भरतीची वाट बघतोय. असर-मगरीबच्या मधला तास त्यानं सोडलेला नाही. दुधाचा हिशोब अलीकडं मौलाना ठेवत नाहीत. तो ते बिहारचं पोरगं ठेवतं, चौकटीच्या वहीत. महिनाअखेरीला मी गेलो की माझ्यापुढं वही धरतं. तारीख, दूध, लिटर, दर, रक्कम. अक्षर अजून जरा वाकडं आहे, पण बेरीज बरोबर येते. शेवटच्या पानावर त्यानं शब्द लिहून ठेवलेत, त्यात 'वशिंड' आहे. त्याच्या गावाकडं त्याला काय म्हणतात ते त्यानं मला सांगितलंय, आणि मी ते लक्षात ठेवायचा प्रयत्न करतोय.